ड्राइव्हवेवरचे ऑइलचे डाग: आधी टिपा, मग धुवा

गाडीखाली ऑइल सांडलेलं दिसलं की बहुतेक जण आधी पाण्याचा पाइप लावतात, मग वर साबण टाकून खराट्याने घासतात. जमीन ओली असेपर्यंत डाग गेल्यासारखा वाटतो. दुसऱ्या दिवशी ती सुकते आणि तोच डाग थोडा फिकट, पण आधीपेक्षा मोठा होऊन दिसायला लागतो. मग आणखी कडक साबण, मग अ‍ॅसिड, मग प्रेशर वॉशर असं सुरू होतं आणि शेवटी डागापेक्षा काँक्रीटचं नुकसान जास्त होतं.

काँक्रीट दिसायला भरीव असलं तरी आतून बारीक छिद्रांनी भरलेलं असतं. ही छिद्रं ऑइल आत ओढून घेतात. वरचा थर पुसला तरी आत मुरलेलं ऑइल जागेवरच राहतं आणि वरचं सुकलं की हळूहळू पुन्हा वर येतं. त्यामुळे या कामात घासण्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, महत्त्व बाहेर ओढण्याला आहे. खालचे टप्पे त्याच हिशोबाने लावले आहेत. मधला एखादा वगळून पुढे गेलात तर पुढच्या टप्प्याची मेहनत दुप्पट होते.

## सुरुवातीआधी: काय सांडलंय आणि कशावर सांडलंय

गाडीखालचा प्रत्येक डाग इंजिन ऑइलचा नसतो. पांढरा टिश्यू किंवा कागदाचा तुकडा त्या जागी हलका दाबा आणि उजेडात बघा.

तपकिरी किंवा काळं आणि बोटांना बुळबुळीत लागत असेल तर इंजिन ऑइल. लालसर असेल तर बहुधा ट्रान्समिशन किंवा पॉवर स्टीअरिंगचं. हिरवट, गुलाबी किंवा नारिंगी आणि पाण्यासारखं पातळ असेल तर कूलंट. पिवळसर, पातळ आणि पाण्यात सहज मिसळणारं असेल तर ब्रेक फ्लुइडची शक्यता धरा. नुसतं स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचं, त्यासाठी काहीच करायचं नाही.

कूलंट आणि ब्रेक फ्लुइड पाण्यात विरघळतात, म्हणून ती टिपून घेतल्यावर साबणपाण्याने निघतात. त्यांना पुढचे सगळे टप्पे लागत नाहीत.

सावधान: कूलंटमध्ये बहुतेक वेळा इथिलिन ग्लायकॉल असतं. त्याची चव गोडसर असल्याने कुत्री-मांजरी ते चाटतात आणि ते त्यांच्यासाठी जीवघेणं विष आहे. लहान मुलांनाही तितकाच धोका. कूलंट दिसताक्षणी टिपून टाका, उद्यावर ठेवू नका. आणि डाग ब्रेक फ्लुइडचा वाटत असेल तर साफसफाई नंतर, गाडी आधी मेकॅनिकला दाखवा. तोवर ती चालवू नका.

आता जमीन. हा लेख मुख्यतः साध्या, रंग न दिलेल्या काँक्रीटसाठी आहे. पेव्हर ब्लॉक आणि डांबर यांचं शेवटी वेगळं लिहिलं आहे, ते वाचल्याशिवाय त्यांच्यावर लेपाचा टप्पा करू नका. काँक्रीटवर आधीच सीलर, म्हणजे छिद्रं बंद करणारं द्रावण, मारलेला आहे का हे कळायला डागापासून दूर, स्वच्छ जागी पाण्याचे चार थेंब टाका. थेंब मण्यासारखे तसेच राहिले तर सीलर आहे. अशा वेळी ऑइल सहसा खोल गेलेलं नसतं आणि सॉल्व्हंटमुळे (टर्पेंटाइन, अ‍ॅसिटोनसारख्या तेल विरघळवणाऱ्या द्रवामुळे) सीलर उतरू शकतो, म्हणून साबणापर्यंतच थांबा. थेंब मुरून तिथे गडद ठिपका पडला तर काँक्रीट उघडं आहे.

## काय काय जवळ ठेवायचं

सामान आधी जमवा, कारण काही टप्प्यांत अर्ध्यावर उठून जाता येत नाही.

- टिपण्यासाठी: जुने सुती कपडे, वर्तमानपत्रं, आणि शोषून घेणारी भुकटी. मांजरांच्या ट्रेमध्ये घालतात ती मातीची भुकटी (कॅट लिटर) उत्तम. ती नसेल तर लाकडाचा सुका भुसा.
- घासण्यासाठी: कडक नायलॉनचा ब्रश, लांब दांड्याचा असेल तर पाठ वाचते. तारेचा ब्रश नको. त्याचे तुटलेले बारीक तुकडे छिद्रांत अडकतात आणि पुढे गंजून तांबडे ठिपके पाडतात.
- धुण्यासाठी: भांडी घासायचं लिक्विड, धुण्याचा सोडा किंवा तयार डीग्रीझर (तेलकटपणा काढणारं द्रावण), आणि गरम पाणी.
- लेपासाठी: मुलतानी माती, शंखजिऱ्याची पूड किंवा खडूची भुकटी यांपैकी एक, प्लास्टिकचा जाडसर कागद, चिकटपट्टी, आणि प्लास्टिकची किंवा लाकडी पट्टी.
- स्वतःसाठी: रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, बंद बूट. भुकटी पसरताना आणि झाडताना मास्क.

धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा यांची गल्लत होते. खाण्याचा सोडा सौम्य असतो, तो ताज्या डागावर टिपायला चालतो, पण जुन्या चिकट ऑइलवर त्याचा फारसा उपयोग नाही. कॉस्टिक सोडा मात्र मुळीच आणू नका. तो कातडी आणि डोळे भाजून काढतो आणि इंजिन ऑइलवर त्याचा फायदाही नसतो. कॉस्टिकमुळे वनस्पती तेलाचा आणि चरबीचा साबण होतो. इंजिन ऑइल खनिज तेलापासून बनतं, त्याचा तसा साबण होत नाही. त्याला सुटं करायला साबणातलेच घटक लागतात, जे तेलाचे बारीक कण करून पाण्यात तरंगत ठेवतात.

## टप्पा १: गळती शोधा आणि जागा मोकळी करा

गाडी हलवा. जिथून गळतं ते बंद झाल्याशिवाय डाग काढणं व्यर्थ आहे. गाडी नेहमीच्या जागी उभी करून खाली रात्रभर मोठा पुठ्ठा ठेवा आणि पुठ्ठ्यावर पुढच्या चाकांच्या जागा पेनाने खुणावून घ्या. सकाळी थेंब कुठे पडलेत ते चाकांच्या खुणांवरून मेकॅनिकला नेमकं दाखवता येतं. ऑइल बदलून आणल्यावर लगेच गळायला लागलं असेल तर ड्रेन प्लग (जुनं ऑइल काढायचं इंजिनच्या तळाचं बूच) किंवा ऑइल फिल्टर नीट बसलेला नसण्याची शक्यता आधी बघायला सांगा.

मग जागा कोरडी झाडा. डागाभोवतीची धूळ, पानं, खडे सगळं काढा. झाडताना बाहेरून डागाकडे झाडू नका. धूळ ऑइलमध्ये मिसळली की तिची काळी, घट्ट खपली बनते.

जवळ पावसाच्या पाण्याचं गटार किंवा जाळी असेल तर आत्ताच तिच्या कडेने जुन्या कपड्याची जाड वळकटी किंवा वाळूची पिशवी लावून टाका. अशी गटारं बऱ्याच ठिकाणी थेट ओढ्यात किंवा नदीत उघडतात, मध्ये कुठलीही प्रक्रिया होत नाही. पाणी वाहायला लागल्यावर आडोसा शोधत बसलं की उशीर झालेला असतो.

## टप्पा २: सुकं टिपणं

ताज्या डागाच्या बाबतीत सगळ्यात जास्त फरक हाच टप्पा पाडतो. आणि घाईत वगळलाही हाच जातो.

थारोळं असेल तर आधी कापड किंवा वर्तमानपत्र त्यावर नुसतं ठेवा. ते भिजलं की सरळ वर उचला आणि दुसरं ठेवा. पुसायचं नाही, ओढायचं नाही. एका ओढीत हातभर डागाचा दीड हात होतो आणि वाढलेल्या भागातलं ऑइलही लगेच आत उतरायला लागतं.

वरचं ओलं टिपून झालं की भुकटी घाला. बाहेरच्या कडेपासून सुरुवात करून आत या, म्हणजे ऑइलला पसरायला वाट राहत नाही. डागाच्या कडेबाहेर चार बोटं जाईल इतकी पसरा आणि थर बोटभर जाड ठेवा. मग जुन्या बुटाने त्यावर उभं राहून टाच फिरवत ती दाबून रगडा. नुसती वर पडलेली भुकटी फक्त वरचं ऑइल घेते. रगडल्याने दाणे फुटतात, बारीक होतात आणि काँक्रीटच्या खाचांत जाऊन बसतात. हे मिनिट-दोन मिनिटांचं काम आहे, पण नुसती भुकटी टाकून निघून जाणारे आणि ती रगडणारे यांच्या निकालात स्पष्ट फरक दिसतो.

आता थांबा. कमीत कमी तीन-चार तास, शक्यतो रात्रभर. नंतर सुपलीत गोळा करा आणि नवी भुकटी घालून पुन्हा रगडा.

तपासणी: झाडलेली भुकटी हातमोजा घालून चिमटीत घ्या. काळपट, ओलसर गुठळ्या होत असतील तर अजून ऑइल निघतंय, आणखी एक फेरी करा. भुकटी सुटी आणि मूळ रंगाची राहिली की हा टप्पा संपला.

भुकटी कोणती, याबद्दल दोन गोष्टी. वाळू सर्रास वापरली जाते, पण वाळूचा दाणा स्वतः काही शोषत नाही. ऑइल फक्त दाण्यांच्या मधल्या फटीत अडकतं आणि वाळू उचलली की बरंचसं तिथेच राहतं. घसरू नये म्हणून तात्पुरती टाकायला वाळू ठीक, टिपायला नाही. सिमेंटची पूड मात्र ऑइल चांगलं ओढते. तिचा धोका वेगळा आहे. रात्री दव पडलं किंवा पाऊस आला तर ती तिथेच घट्ट बसते आणि मग डागावर सिमेंटचा पापुद्रा चढतो. शिवाय ओलसर सिमेंट कातडीला भाजतं. वापरायचीच तर कोरड्या हवेत, दिवसा, डोळ्यांसमोर, आणि काम झालं की लगेच झाडून.

## टप्पा ३: जुन्या डागाची खपली

डाग ताजा असेल तर हा टप्पा सोडून पुढे जा.

महिनोन्‌महिने थेंब थेंब पडून झालेल्या डागावर ऑइल, धूळ आणि टायरचा भुसा यांचा काळा थर जमतो. साबण या थरातच संपतो, खाली पोहोचतच नाही. म्हणून आधी प्लास्टिकच्या किंवा लाकडी पट्टीने तो कोरडाच खरवडा. पट्टी आडवी धरून ढकला, टोकाने उकरू नका. थंडीत खपली जास्त कडक असते आणि पापुद्र्यासारखी सुटते. उन्हात ती मऊ होऊन पट्टीला चिकटते आणि पसरते, म्हणून हे काम सकाळी लवकर करा. खरवड लगेच उचला, मग दुसऱ्या टप्प्यातली भुकटी एकदा रगडून घ्या.

## टप्पा ४: साबण आणि सोडा

पाण्याची पाळी आता येते.

वेळ सावलीची निवडा. तापलेल्या काँक्रीटवर द्रावण पाच मिनिटांत सुकतं. सुकलेला साबण काम थांबवतो आणि त्याने सोडवलेलं ऑइल पुन्हा तिथेच बसतं, वर पांढरट डाग राहतो तो वेगळाच. कुठलंही नवं द्रावण आधी कोपऱ्यात वीतभर जागेवर करून बघा. रंगीत काँक्रीटवर तर हे टाळूच नका.

सौम्य डागाला भांड्यांचं लिक्विड आणि गरम पाणी पुरतं. मुरलेल्या डागाला लिटरभर गरम पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा पूर्ण विरघळवून त्यात थोडं लिक्विड घाला. पाणी हाताला सोसणार नाही इतकं गरम असावं, पण उकळतं नको. गरम पाण्याने ऑइल पातळ होतं आणि छिद्रांतून सुटतं. तयार डीग्रीझर असेल तर त्याच्या डब्यावरचं प्रमाण पाळा. दाट वापरल्याने जास्त साफ होत नाही, फक्त धुवायला पाणी जास्त लागतं.

क्रम असा:

1. डागाभोवतीची वीतभर पट्टी साध्या पाण्याने ओली करा. डागावर पाणी नको. भोवतालची छिद्रं पाण्याने भरली की सुटलेलं ऑइल तिकडे मुरत नाही. डागाला पसरट वलय पडतं ते बहुतेक वेळा हे न केल्यामुळे.
2. द्रावण डागावर ओता आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. मध्ये सुकायला लागलं तर आणखी शिंपडा.
3. कडेकडून मधल्या बाजूला घासा. गोल गोल नको. फेस तपकिरी किंवा काळपट व्हायला लागेल, तो ऑइलचा रंग आहे.
4. हा फेस धुवून टाकण्याआधी उचला. स्पंज, जुना टॉवेल किंवा ओलं ओढणारा व्हॅक्यूम वापरा आणि बादलीत जमा करा.
5. मग थोड्याच स्वच्छ पाण्याने धुवा आणि तेही टिपून घ्या.

चौथी पायरी जवळजवळ कुणीच करत नाही. काळा फेस पाइपच्या पाण्याने ढकलला की सुटलेलं ऑइल पातळ होऊन सगळ्या ड्राइव्हवेभर पसरतं, उरलेलं गटारात जातं. एवढ्या कष्टाने बाहेर काढलेलं ऑइल पुन्हा जमिनीला द्यायचं नाही, एवढं मनाशी धरा.

दोन-तीन फेऱ्यांत फेस पांढरा राहायला लागला की थांबा. पांढऱ्या फेसावर आणखी तासभर घासून डाग फिकट होत नाही. उरलेलं ऑइल ब्रशच्या आवाक्याबाहेर खोल गेलेलं असतं, त्याला लेप लागतो.

सावधान: सोड्याचं पाणी गाडीच्या रंगावर, अ‍ॅल्युमिनियमच्या दारा-चौकटींवर आणि झाडांवर उडू देऊ नका. अ‍ॅल्युमिनियम त्याने काळवंडतं.

## टप्पा ५: लेप

मुरलेला डाग खरा निघतो तो लेपाने. तरीही अनेकांचा लेप फसतो, कारण तो लवकर काढला जातो.

लेपात एक द्रव असतो जो आतलं ऑइल विरघळवतो, आणि एक भुकटी असते जी ते शोषून घेते. द्रव आत जातो, ऑइल घेतो, आणि सुकताना भुकटीच्या दिशेने वर येतो. वर येऊन तो हवेत उडून जातो, ऑइल मात्र भुकटीतच अडकतं. म्हणजे झाकलेल्या लेपाचं काम विरघळवण्याचं आणि उघड्या लेपाचं काम ओढण्याचं. दोन्ही भाग पूर्ण व्हायला हवेत.

द्रव दोन प्रकारचा घेता येतो. जागा बंदिस्त असेल, तळमजल्याचं पार्किंग असेल, जवळ स्वयंपाकघराची खिडकी किंवा गॅस गीझर असेल, तर चौथ्या टप्प्यातलं सोडा-साबणाचं द्रावणच वापरा. त्याला एखादी फेरी जास्त लागते, पण निर्धोक आहे. पूर्ण मोकळ्या हवेतच टर्पेंटाइन किंवा अ‍ॅसिटोन वापरायचा विचार करा. अ‍ॅसिटोन फार झटपट उडून जातो, त्यामुळे मोठ्या डागाला टर्पेंटाइन सोयीचं.

सावधान: अ‍ॅसिटोनची वाफ शून्याखालच्या तापमानालाही पेट घेऊ शकते, टर्पेंटाइनही ज्वालाग्राही आहे. सिगारेट, काडी, चालू इंजिन, विजेची उपकरणं काहीही जवळ नको. ओलं ओढणारा व्हॅक्यूम तर अजिबात नाही, त्याच्या मोटरची ठिणगी पुरते. पेट्रोल कुठल्याही परिस्थितीत नाही. साफसफाईसाठी पेट्रोल ओतल्याने माणसं भाजतात, आणि डाग मात्र पातळ होऊन आणखी खोल जातो. रॉकेल आणि डिझेल ही स्वतःच तेलं आहेत, एका तेलाच्या जागी दुसरं ठेवून जातात.

लेप असा करा. सॉल्व्हंट वापरणार असाल तर चौथ्या टप्प्यानंतर काँक्रीट पूर्ण सुकू द्या, चांगलं ऊन असेल तरी एक दिवस जाऊ द्या. छिद्रांत पाणी असेल तर सॉल्व्हंट आत शिरत नाही. सोड्याचं द्रावण वापरणार असाल तर किंचित ओलसर चालेल.

स्टीलच्या भांड्यात भुकटी घ्या आणि द्रव थोडा थोडा घालत कालवा. अ‍ॅसिटोन थर्माकोलच्या वाडग्यात घेऊ नका, वाडगा विरघळून द्रव पायावर येतो. लेप भिंतीच्या पुट्टीइतका घट्ट हवा. पट्टीवर घेऊन ती उभी धरली तरी ओघळता कामा नये. पातळ लेपातला जास्तीचा द्रव ऑइलला बाजूला ढकलतो आणि नवं वलय तयार करतो.

तो पाव इंच, म्हणजे साधारण सहा मिलिमीटर जाडीने पसरा आणि डागाच्या कडेबाहेर दोन बोटं जाऊ द्या. पट्टीने दाबून आतली हवा काढा. जिथे लेप काँक्रीटला टेकलेला नाही तिथे काहीच ओढलं जात नाही. वर प्लास्टिक अंथरा, चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि चोवीस तास ठेवा. त्यावर कुणी चालू नये, पाळीव प्राणी जाऊ नयेत, म्हणून वर एखादी उलटी टोपली किंवा चार विटा लावून जागा अडवा.

दुसऱ्या दिवशी फक्त प्लास्टिक काढा. लेपाला हात लावू नका. बहुतेक लेप इथेच फसतात. लेप अजून ओला असतो, ऑइल त्या क्षणी द्रवाबरोबर सगळीकडे सारखं पसरलेलं असतं, आणि तो खरवडला तर अर्धं ऑइल काँक्रीटमध्येच राहतं. आता तो उघड्यावर पूर्ण सुकू द्या. सुकत जाईल तसा रंग बदलताना दिसतो. कडा आधी फिकट होतात, मधल्या भागात पिवळसर-तपकिरी छटा वर येते आणि मग बारीक तडे जाऊन कडा किंचित उचलल्या जातात. मध्यभागी बोट दाबल्यावर गार किंवा ओलसर लागलं नाही आणि भुकटी चुरचुरीत सुटली की लेप काढायला तयार.

लाकडी पट्टीने उचला, झाडा, आणि मग साबणपाण्याने एकदा धुवा. खोल डागाला दुसरा, क्वचित तिसरा लेप लागतो. प्रत्येक वेळी नवी भुकटी घ्या. वापरलेली पुन्हा कालवून लावली तर काढलेलं ऑइल परत आत जातं.

## टप्पा ६: निकाल ओल्यात बघू नका

ओलं काँक्रीट सगळीकडेच गडद दिसतं, त्यामुळे डाग त्यात लपतो. अर्धवट सुकलेल्या काँक्रीटवर उलट नसलेले डाग दिसतात. पूर्ण सुकल्यावर आणखी एक-दोन दिवस जाऊ द्या आणि मग बघा.

डोळ्यांपेक्षा पाण्याचा थेंब खात्रीचा. डाग होता तिथे एक आणि शेजारच्या स्वच्छ जागी एक असे दोन थेंब एकाच वेळी टाका. दोन्ही सारख्याच वेगाने मुरले तर ऑइल निघालं आहे. डागावरचा थेंब मणी होऊन तसाच राहिला तर छिद्रांत अजून ऑइल आहे, दिसायला जागा कितीही स्वच्छ असली तरी. रंग थोडा वेगळा, पण थेंब मुरतोय, असं असेल तर ती नुसती छटा. ती ऊन-पावसाने हळूहळू कमी होते, तिच्यासाठी आणखी लेप वाया घालवू नका. कधी उलटंही होतं. घासलेली जागा इतकी उजळ दिसते की भोवतालचं मळकट वाटतं. अशा वेळी सगळा ड्राइव्हवे साबणाने एकदा हलका धुवून घ्या.

## या वाटेने जाऊ नका

अ‍ॅसिड. संडास साफ करायचं अ‍ॅसिड ऑइलवर काहीच करत नाही. ते काँक्रीटमधला सिमेंटचा भाग खातं. फसफस होते, ती बघून काम होतंय असं वाटतं, पण वाकून बघितलं तर गुळगुळीत पृष्ठभाग जाऊन वाळूचे दाणे उघडे पडलेले दिसतात. अशी खरबरीत जागा पुढचं ऑइल आधीपेक्षा जास्त पिते. आणि या नुकसानीला उलटा फिरवायचा उपाय नाही.

ब्लीच. ब्लीच रंग घालवतं, ऑइल नाही. अ‍ॅसिडवर ब्लीच किंवा ब्लीचवर अ‍ॅसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो, तो फुप्फुसांना घातक आहे. एक उपाय चालला नाही म्हणून त्यावर दुसरा ओतायची सवय इथे जिवावर बेतू शकते. दोन उपायांच्या मध्ये जागा भरपूर पाण्याने धुवा.

प्रेशर वॉशर, तोही पहिल्याच झटक्याला. सुरुवातीला मारला तर तो ऑइल भिंतीवर, गाडीवर आणि शेजारच्या काँक्रीटवर उडवतो. चौथ्या टप्प्यानंतर, बहुतेक ऑइल निघाल्यावर, धुवायला चालतो. पंख्यासारखा फवारा मारणारं रुंद नोझल लावा, फूटभर अंतर ठेवा आणि हात सतत फिरता ठेवा. एका रेषेत मारणारं नोझल काँक्रीटवर कायमची खाच पाडतं.

बॅक्टेरिया असलेले क्लीनर वाईट नाहीत, पण ते ओलावा आणि ऊब असतानाच काम करतात आणि आठवडे घेतात. ब्लीचनंतर लगेच टाकले तर त्यातले जीव मरतात. लेपानंतर उरलेल्या छटेसाठी, घाई नसेल तर वापरून बघा.

## पेव्हर ब्लॉक आणि डांबर

पेव्हर ब्लॉकही काँक्रीटचेच, त्यामुळे सगळे टप्पे तसेच. फरक सांध्यांचा. घासताना आणि धुताना सांध्यांतली वाळू निघून जाते आणि ब्लॉक हलायला लागतात, म्हणून काम झाल्यावर कोरडी बारीक वाळू झाडूने पुन्हा भरा. दोन-तीनच ब्लॉक खराब असतील तर मी लेपाच्या भानगडीत पडणार नाही. ते उचलून कोपऱ्यातल्या, नजरेत न येणाऱ्या ब्लॉकशी बदलून टाकणं सोपं.

डांबरावर सॉल्व्हंट अजिबात नको. डांबर आणि ऑइल दोन्ही एकाच खनिज तेलातून येतात, त्यामुळे जे ऑइल विरघळवतं ते डांबरही विरघळवतं. टिपणं, गार पाणी, साबण आणि मऊ ब्रश एवढंच करा. बूट दाबल्यावर डागाची जागा मऊ लागली किंवा खडी सुटत असेल तर ऑइलने डांबर आधीच ढिलं केलंय. तेवढा तुकडा काढून नवा भरावा लागेल.

## सीलर मारायचा असेल तर

आत शिरणारा, सिलेन किंवा सिलोक्सेन प्रकारचा सीलर ड्राइव्हवेला चांगला. तो चकाकी आणत नाही, म्हणून निसरडंही करत नाही. पुढच्या वेळी सांडलेलं ऑइल मुरायला वेळ लागतो, तेवढ्यात ते टिपता येतं. मात्र सहाव्या टप्प्यातली थेंबाची परीक्षा पास झाल्याशिवाय मारू नका. खाली ऑइल असेल तर सीलर नीट आत जात नाही, आणि एपॉक्सीसारखा वरून बसणारा थर असेल तर त्याचे पापुद्रे निघतात. ओलावा तपासायला दोन-दोन हातांचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी खालून पाण्याचे थेंब जमलेले दिसले किंवा काँक्रीट गडद झालं असेल तर आणखी सुकू द्या. नव्या काँक्रीटला निदान 28 दिवस जाऊ द्या.

## उरलेला कचरा

ऑइल प्यालेली भुकटी, भुसा, कपडे आणि लेप यांचा ढीग करून कोपऱ्यात ठेवू नका, जाळू नका, झाडाच्या बुडात टाकू नका. सॉल्व्हंटचा लेप आणि कपडे आधी उघड्यावर, सुटे पसरून सुकवा, म्हणजे वाफ निघून जाते. मग सगळं झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरा, घरापासून दूर ठेवा आणि घातक कचरा घेणाऱ्या तुमच्या भागातल्या व्यवस्थेकडे द्या. टिपून जमवलेलं पातळ ऑइल वेगळ्या बाटलीत भरा. त्यात पाणी, कूलंट किंवा सॉल्व्हंट मिसळू देऊ नका. वापरलेलं ऑइल गोळा करणारी गॅरेजेस ते घेतात, पण मिसळलेलं असेल तर बहुधा नाकारतात. बाटलीवर आत काय आहे ते ठळक लिहा आणि ती पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीसारखी दिसेल अशी, मुलांच्या हाताला लागेल अशा जागी ठेवू नका.